भीमेवरच्या वाऱ्याची बातमी

एकोणीसशे तीसच्या दशकातल्या एका श्रावणात, सकाळी, मी आणि आई इंदापूर तालुक्यातल्या भीमेच्या घाटावर पोहोचलो. पलीकडे जाणारी शिडाची नाव सुटायला तयार होती. आम्ही तीत लगेच बसलो नाही.

पलीकडच्या गावात मामा अंथरुणाला खिळले होते. त्यांनी अन्न सोडले आहे आणि बहिणीचे नाव घेत आहेत, असा निरोप निमगाव केतकीला आईकडे आला होता. तिला ते जिवंत असताना पोहोचायचे होते. वळसा घालून बैलगाडीने जाण्यात दोन दिवस मोडले असते.

आकाश निरभ्र होते, पण त्याचा अर्थ काही नव्हता. भीमेला पाणी घाटमाथ्यावरच्या पावसाने येते, आणि त्या दिवसांत पश्चिमेचा वारा अचानक उठतो. आदल्या वर्षी भरल्या शिडाची एक नाव उलटली होती. ती कोणाची, हे घाटावर कोणी सांगत नव्हते.

"वारा कसा आहे?" मी नावाड्याला विचारले.

"वारं चांगलं हाय, दादा. पेपरात बी आलंय."

पेपर माझ्याच पिशवीत होता. मी पुण्याला त्याच पेपरात नोकरी करत होतो आणि आदल्या दिवशी गावी येताना बारामती स्टेशनावर तो अंक विकत घेतला होता. त्यात छापले होते : इंदापूर भागात भीमा उतरणीला, वारा मंद. ही बातमी आमच्या इंदापूरच्या बातमीदाराने पाठवली होती. ते शाळामास्तर. सकाळी वाटेत मी त्यांना गाठले, तेव्हा आपण नदीवर गेलोच नव्हतो, मोटारीच्या ड्रायव्हरने सांगितले ते कळवले, असे ते म्हणाले होते.

आम्हाला घाटावर सोडणारा ड्रायव्हर तोच. तो अजून तिथेच विडी ओढत होता.

"मला काय ठावं?" त्याने नावाड्याकडे बोट केले. "ह्या तात्यांनी सांगितलं, त्येच मी मास्तरांच्या कानावर घातलं."

पेरूच्या पाट्या घेऊन बाजाराला निघालेला एक बागाईतदार हसला. "म्हंजे तात्या, तुमचंच तुमास्नी छापून आलं की!"

"छापलंय न्हवं?" नावाडी म्हणाला. "मग खोटं कसं असंल?"

आई तोवर घाटाच्या पायरीवर बसली होती. तिने विचारले, "तात्या, तुमची कारभारीण कुठं हाय?"

"घरी. का वो आक्का?"

"तिला नावंत बसवा. ती बसली की मी बसते."

"तिचं काय काम पल्याड?"

"मला सोबत हुईल."

"आक्का, तात्या वाऱ्याला भीत न्हाय, बायकोला भितोय!" पेरूवाला म्हणाला.

नावाड्याची झोपडी घाटाच्या वरच होती. बायकोने सगळे ऐकले होते. ती पदराला हात पुसत खाली आली. "बसते की. माझं म्हायेर पल्याडच हाय. ह्यो बाबा कवा न्हेतोय मला?" असे म्हणून ती नावेत जाऊन बसली.

नावाडी बराच वेळ नदीच्या वरच्या अंगाला पाहत राहिला. मग त्याने शीड उतरवले, गुंडाळले आणि वाळूवर आणून ठेवले. निम्म्या पाट्या खाली उतरवायला लावल्या. वल्ह्यावर आणखी एक गडी हाक मारून बोलावला.

"आता वं तात्या? वारं चांगलं हाय म्हणत व्हता की!" पेरूवाला म्हणाला.

नावाड्याने वल्ही नावेत टाकली. आई उठली आणि त्याच्या बायकोशेजारी जाऊन बसली. मी तिच्यामागे बसलो.

नाव काठाकाठाने दोरीने ओढून बरीच वर नेली, मग पाण्यात लोटली. शीड असले की एका माणसावर काम भागते आणि दिवसभरात खेपा जास्त होतात. आधीचे उत्तर त्यासाठी होते, की त्याचा स्वतःचाही पेपरावर विश्वास बसला होता, हे मला समजू शकले नाही. मी त्याला विचारले, तेव्हा तो "वल्हं मारू द्या" एवढेच म्हणाला.

मध्यावर पश्चिमेकडून वारा आला. नाव कलली, एकदा पाणी आत आले, आईचे गाठोडे भिजले. दोघांनी वल्ही सोडली नाहीत. नाव नेहमीच्या उताराच्या खाली, बाभळींच्या चिखलात लागली.

तिथून मामांच्या घरापर्यंत आम्ही चालत गेलो. मामा ओसरीवर पडले होते. आई उशाशी बसली, तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"आलीस व्हय?" ते म्हणाले.

आईने तिथेच ठेवलेल्या वाटीतले दूध चमच्याने पुढे केले. त्यांनी ते घेतले.