प्रॉक्सीचं दावं

आमच्या शिक्षणसंस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर, पूर्वी नकाशे आणि मोडके पृथ्वीगोल ठेवायच्या खोलीत एक काळं कपाट आहे. त्यात प्रॉक्सी सर्व्हर असतो. संस्थेतल्या कुठल्याही संगणकावरून कुणी एखादी वेबसाइट मागितली की ती मागणी आधी या यंत्राकडे येते. यंत्र बाहेर जातं, पान आणतं, एक प्रत स्वतःजवळ ठेवतं आणि मागणाऱ्याच्या हातात देतं. थोडक्यात शिपायाचं काम. यंत्र सांभाळायचं मी, आणि खोलीची किल्ली सांभाळायची आमच्या शिपायांनी, ज्यांना सगळी संस्था मामा म्हणते. खोलीबाहेर एक पाटी आहे. तिच्यावर ‘सुरक्षित’ हा शब्द बारीक आणि उद्घाटन करणाऱ्या अध्यक्षांचं नाव ठळक आहे.

दिवसभर बाहेरच्या जगाशी बोलणारं यंत्र कधीतरी फितवलं जाणार, हे धरूनच चालावं लागतं. म्हणून मी दोन महिने खपून प्रॉक्सीला एका नियमावलीत बांधलं होतं. यंत्रातल्या प्रत्येक फोल्डरला एक खूण, प्रत्येक प्रोग्रॅमला एक खूण, आणि कुठल्या खुणेनं कुठल्या खुणेला हात लावायचा ते आधीच लिहिलेलं. प्रॉक्सीनं स्वतःची साठवण आणि स्वतःच्या नोंदी एवढ्यांनाच शिवायचं. त्याच यंत्रावर पोरांचे निकाल असले तरी तिकडे बघायचं नाही. प्रोग्रॅमचा हुद्दा कितीही मोठा असो, नियमात नसेल तर नाही. ‘अध्यक्षांचा माणूस आहे, सोडा आत’ हे जिथे चालत नाही अशी आमच्या संस्थेतली ती एकुलती एक जागा होती.

मामांना मी हे एकदा समजावून सांगितलं. कसबा बावड्यात त्यांच्या दोन म्हशी आहेत. ते म्हणाले, “म्हंजे दावं. चारा खाईल तेवढंच लांब.”

“तेवढंच.”

“मग दोन म्हयनं काय करत हुता?”

पुढे संस्थेचा वर्धापनदिन आला. अध्यक्षांचं भाषण सगळ्या शाखांमध्ये पडद्यावर थेट दाखवायचं होतं, आणि नेमकी त्याच सकाळी प्रॉक्सीची डिस्क भरली. मी साठवणीचं फोल्डर नव्या डिस्कवर हलवलं. नव्या जागेला प्रॉक्सीची खूण नव्हती, त्यामुळे नियमावलीनं त्याला आत जाऊ दिलं नाही. नियमावलीचं बरोबरच होतं. ही जागाही प्रॉक्सीचीच, असं दोन ओळींत लिहून द्यायचं, एवढंच काम होतं. पण खाली अध्यक्ष माइकपाशी उभे होते आणि त्यांचे स्वीय सहायक मला फोनवर फोन करत होते. मी दोन ओळींऐवजी एक ओळ लिहिली. तिनं नियमावली बंद होत नाही. ती नुसती कुरकुर करते, नोंद ठेवते, अडवत नाही. इंटरनेट धो धो वाहू लागलं आणि अध्यक्ष शिस्तीवर बोलू लागले.

दोन मिनिटं, मी मनाशी म्हटलं. भाषण संपलं की परत लावू.

भाषण दीड तास चाललं. मग जेवणं. मग प्रवेशांची गर्दी. असे चार महिने गेले.

विसरलो असतो तर बरं झालं असतं. रोज सकाळी गाडी स्टँडवर लावताना मला ते आठवायचं. जिना चढेपर्यंत टोचत राहायचं आणि खुर्चीत बसलो की कुणाचा तरी प्रिंटर बंद पडलेला असायचा. घरी ताटावर बसलो तरी मध्येच उठून खिडकीपाशी जायचो. बायको विचारायची, काय झालं? काही नाही. खरंच काही झालेलं नव्हतं. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि जे चालतंय त्याला हात लावायला माणसाचा हात धजत नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. मामा दरवर्षी कपाटाच्या काचेला बाहेरूनच कुंकू लावायचे, एक फूल ठेवायचे, संपलं. त्या वर्षी स्वीय सहायकांना फोटो हवा होता: कपाट उघडं, यंत्र बंद, अध्यक्ष फूल वाहताहेत. मी दोन दिवस गगनबावड्याला सासुरवाडीत होतो. तिथे मामांचा फोन आला.

“सायेब, बंद करायला सांगत्यात. करू न्हवं?”

“करा. बटण एकदाच दाबा आणि थांबा.”

“आणि दसरा झाल्यावर चालू?”

“हो.”

माझी ती एक ओळ यंत्र बंद होईपर्यंतच टिकते. पुन्हा सुरू झालं की नियमावली आपसूक पूर्ववत होते. हे मला पाठ होतं. त्या क्षणी आठवलं नाही.

दसरा झाल्यावर मामांनी बटण दाबलं. यंत्र उठलं, प्रॉक्सी उठला नाही. परीक्षेचे अर्ज भरायचे शेवटचे दिवस होते. मी दुपारी पोचलो तेव्हा व्हरांड्यात पोरं अर्ज घेऊन बसली होती आणि कार्यालयीन अधीक्षकांनी निदान उरकलं होतं. यंत्राच्या पंख्याजवळ कुंकू आणि झेंडूची पाकळी सापडली होती. फोटोत फूल अध्यक्षांच्या हातात होतं. पण मेमो मामांच्या नावे टाइप होत होता.

मला कारण शोधावं लागलं नाही. चार महिने टाळलेल्या त्या दोन ओळी मी लिहिल्या, सगळ्या साठवणीला खूण लावली, प्रॉक्सी सुरू केला. पाव तास लागला. मग नोंदी वाचल्या. चार महिने यंत्र रोज कुरकुरत होतं, हजारो वेळा, आणि सगळ्यांत वरच्या ओळीत नियमावली कुणी ढिली केली ते लिहिलं होतं. माझं लॉगिन.

अधीक्षक दारातून डोकावले. “झालं? कुंकू साफ केलंत न्हवं?”

मी “हूं” म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मामा मेमो घेऊन माझ्याकडेच आले. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते. सेवापुस्तकात शेरा पडू नये म्हणून खुलासा लिहून द्यायचा होता.

“तुमचं मराठी बरं हाय. ल्ह्या.”

मी कागद घेतला. मामा उभ्यानंच सांगू लागले. “ल्ह्या, कुंकू मी लावलं हे खरं हाय. पण वरच्या पत्र्याला लावलं. आत उडालं आसंल तर माझी चूक. एवढी वर्सं नोकरी झाली, एक शेरा न्हाय. वर्गात साप निघाल्ता तवाबी न्हाय.”

“साप?”

“मी त्यो जिता बाहीर सोडला. हेडमास्तर म्हनलं, मारायला पायजे हुता. पर शेरा न्हाय दिला. ल्ह्या की.”

मी ‘माझी चूक’ इथवर आलो आणि पेन थांबलं. पाणी प्यायलो. खिडकी उघडली, बंद केली.

“मामा, कुंकवानं काही झालेलं नाही.”

“ते अधीक्षकास्नी सांगा.”

“मी दावं सोडलं होतं. वर्धापनदिनाला. दोन मिनिटांसाठी. परत बांधलंच नाही. तुम्ही यंत्र बंद-चालू केलंत आणि ते आपोआप बांधलं गेलं, म्हणून अडलं.”

मामा खुर्ची ओढून पहिल्यांदाच माझ्यासमोर बसले.

“म्हस दोन मिनटं सोडली तर गाव फिरून येती. चार म्हयनं सोडल्याव ती तुमची ऱ्हाती व्हय?” मग कागदाकडे बोट करत म्हणाले, “आणि माझ्याकडनं चूक ल्ह्यून घेत हुता.”

“हो.”

“फाडा त्यो. पर कुंकू लावलं हे ऱ्हाऊ द्या. ते मी लावलंय.”

मी दोन कागद लिहिले. मामांचा एका ओळीचा, माझा दीड पानाचा, पहिल्या नोंदीच्या छापील प्रतीसह. दोन्ही एकत्र टाचून अधीक्षकांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी माझा कागद दोनदा वाचला.

“म्हणजे चार महिने सुरक्षा नव्हती? बाहेर पाटी आहे की.”

“पाटी होती.”

“हे वर गेलं तर अध्यक्षांना काय वाटंल? यंत्र जुनं होतं म्हणू या. मेमोचं नंतर बघू.”

“नंतर म्हणजे मामा गेल्यावर. मेमो आज मागे घ्या. शेरा कुणाला तरी द्यायचाच असेल तर मला द्या.”

त्यांनी खिडकीकडे बघितलं. मेमो मागे घेतला. शेरा मात्र त्यांना कुणाला तरी द्यायचाच होता, तो मला मिळाला: ‘कर्तव्यात हयगय.’ आमच्या कार्यालयात इतकं नेमकं मराठी सहसा लिहिलं जात नाही.

निरोपसमारंभात अध्यक्षांनी मामांचं नाव दोनदा चुकवलं. शाल, श्रीफळ झालं. मग मामांनी सगळ्यांसमोर अधीक्षकांकडे स्वतःचं सेवापुस्तक बघायला मागितलं. अंगठा ओला करून एकेक पान उलटलं, शेवटपर्यंत गेले, मिटलं आणि परत दिलं. माझ्याकडे बघितलं नाही.

आता किल्ली माझ्याकडे असते. रोज सकाळी चहाच्या आधी मी वर जातो आणि नियमावली लागू आहे का ते यंत्राला विचारतो. दुपारी पुन्हा विचारतो, उगाच. मामांचा अधूनमधून फोन येतो, मागे म्हैस हंबरत असते.

“बांधलंय न्हवं?”

“थांबा,” मी म्हणतो, आणि बघून सांगतो.