एका दिवसाचा प्रोफेसर

फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून मी मलकपेठच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळत होतो. घरात माझ्या डिग्रीचा उपयोग एकच. फ्यूज उडाला की सगळे माझ्याकडे बघत, आणि मी जाऊन इलेक्ट्रिशियनला बोलावून आणायचो.

नव्वदीच्या त्या वर्षांत हैदराबादभोवती खासगी इंजिनिअरिंग कॉलेजं उगवत होती. अशाच एका कॉलेजचं ऑफिस माझा मेहुणा बघायचा. एका रविवारी तो काचीगुड्याला आमच्या घरी आला.

"दाजी, उद्या तपासणी कमिटी येतेय. फिजिक्सला माणूस नाही. एक दिवस प्रोफेसर व्हा."

"अरे, कळलं तर?"

"क्या हौलेपन की बात करते दाजी! वेडे की काय तुम्ही? सगळेच करतात. केमिस्ट्रीला आमचे होमिओपॅथीचे डॉक्टर उभे राहतायत."

बायको आतून म्हणाली, "जा हो. घरात तुमचं कुणी ऐकत नाही, तिथे वर्ग तरी मिळेल."

लग्नातला कोट चढवून गेलो. दारावर माझ्या नावाची पाटी होती, रंग अजून ओला. प्रयोगशाळेत उपकरणं पेट्यांतून निघत होती; संध्याकाळी ती दुसऱ्या कॉलेजात जायची होती. मीही त्यांतलाच, फक्त मला पेटी नव्हती.

कमिटीसमोर मी प्रकाशलहरी शिकवायला लागलो. पाच मिनिटांत कमिटी, कोट, सगळं विसरलो. खोटं कशाला बोलू, बरं शिकवलं मी. मग कमिटीच्या प्रमुखांनी पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं, "हे सर रोज येतात?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं.

"रोज येतात. चांगलं शिकवतात."

कमिटी जेवायला गेली तशी ती व्हरांड्यात मला गाठून तेलुगूत म्हणाली, "सार, परीक्षा दोन महिन्यांवर आली. फिजिक्स कुणी शिकवलंच नाही. आज पहिल्यांदा काही कळलं, म्हणून मी खोटं बोलले. रेपटिनुंची वस्तारा?" उद्यापासून येणार ना?

"वस्तानम्मा," मी म्हणालो. येतो गं.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत होतो. रजा नाही, अशी स्वतःची समजूत घातली. पुढच्या महिन्यात अर्धी रजा काढून बसस्टॉपपर्यंत गेलो. दोन बसा सोडल्या आणि परत आलो.

कॉलेजला मान्यता मिळाली. मेहुण्यानं पेढे आणले. मी दोन खाल्ले.

निकाल लागल्यावर त्याला विचारलं. "फिजिक्समध्ये बहुतेक सगळे उडाले, दाजी."

"पहिल्या बाकावरची ती मुलगी?"

"कोण? नाव काय तिचं?"

नाव मी विचारलंच नव्हतं. आता सिकंदराबादच्या गर्दीत तिच्या वयाची कुणी बाई माझ्याकडे जरा निरखून बघायला लागली, की मी दुकानाच्या पाट्या वाचू लागतो.

हल्ली म्हणे प्रोफेसरांना हजेरीसाठी रोज मशीनवर अंगठा लावावा लागतो. बरं झालं. तेव्हा असता, तर मी दारातच पकडला गेलो असतो आणि तिला कदाचित खरा मास्तर मिळाला असता.

माझी लेक यंदा बारावीला आहे. तिचं फिजिक्स मीच घेतो. काल ताटं वाढून झाली होती. ती वही मिटत म्हणाली, "बाबा, राहिलेलं उद्या घेऊ या ना."

"नाही. आत्ता."

"अहो, आमटी निवतेय!" बायको ओरडली.

"निवू दे," म्हटलं, आणि वही पुन्हा उघडली.