दहा फुटांची रिंग

पंचवीस वर्षं मी एकच वाक्य बोलत आले आहे : कोपर आत घे. मे महिन्यातल्या बास्केटबॉलच्या शिबिरात सकाळी सहाला मैदानावर उभी राहते आणि सातपर्यंत ते वाक्य कितीदा बोलून होतं, देव जाणे. कोपर चेंडूखाली, डावा हात नुसता आधाराला, गुडघे वाकवा, चेंडू सुटला की मनगट नळाच्या तोटीसारखं खाली वाकलेलं हवं. पोरी माना हलवतात आणि दोन्ही हातांनी छातीवरून चेंडू ढकलतात. हल्ली माझा उजवा खांदा वर जात नाही, त्यामुळे करून दाखवता येत नाही, नुसतं बोलावं लागतं. खरं सांगायचं तर कंटाळा आलाय.

यंदाच्या शिबिरात आमच्या मुली एका शनिवारी दुसऱ्या मैदानावर सराव सामना खेळायला गेल्या आणि सपाटून हरल्या. त्यांच्यात सगळ्यात नीट शूट करणारी जी मुलगी आहे, तिचे सगळे चेंडू रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत आले. रविवारी सकाळी ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मॅडम, तिथली रिंग उंच वाटून राहिली होती."

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. पंधरा वर्षांपूर्वी ते मी एकीला दिलंही होतं.

ती सावनेरची. दर शनिवार-रविवारी वडील तिला एसटीने घेऊन यायचे आणि सराव संपेपर्यंत भिंतीच्या सावलीत मांडीवर डबा घेऊन बसायचे. तिच्यासारखा हात मी पुन्हा पाहिला नाही. दुसऱ्या मैदानावर झालेल्या राज्याच्या संघाच्या निवड चाचणीत मात्र तिचाही एकेक चेंडू असाच पुढच्या कडेला लागला. "मॅडम, रिंग उंच वाटते," ती रडत म्हणाली. मी तिला वडिलांसमोरच झापलं. "रिंग सगळीकडे दहाच फूट असते. तू घाबरलीस. ऐन वेळी तुझे पाय थरथरतात." ती पुन्हा मैदानावर आली नाही. आणि मी चारचौघांत सांगत राहिले, पोरीला हात होता, पण काळीज नव्हतं.

तर या रविवारीही तेच ओठांवर आलं होतं, पण ओरडायचं त्राण नव्हतं. ऊन चढलं होतं, खांदा ठणकत होता. निव्वळ दमल्यामुळे मी म्हटलं, "जा वं, चौकीदाराकडून टेप आणि शिडी आण. मोजूनच टाकू एकदाचं."

ती शिडीवर चढून वर टेप धरून राहिली, मी खाली जमिनीला टेकवला. नऊ फूट साडेसात इंच. म्हटलं, हिला नीट धरता येत नाही. पुन्हा मोजलं. पलीकडची रिंग मोजली. तीही तेवढीच.

मग खांबाच्या बुडाशी बसले, तेव्हा दिसलं. मैदानाला भेगा पडल्या की वरून सिमेंटचा नवा थर द्यायचा, ही आमची रीत. जुना थर खोदून काढायचे कष्ट कोण घेतो? खांब जिथल्या तिथे आणि जमीन दर थरागणिक वर आलेली. त्या प्रत्येक थरावर मी स्वतः उभी राहून पाणी मारून घेतलं होतं. सावनेरच्या पोरीच्या वेळेपर्यंत दोन थर झाले होते.

"मंग मॅडम, आमचं शूटिंग बरोबर हाय का?" शिडीवरून प्रश्न आला.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "बुटक्या रिंगसाठी अगदी बरोबर आहे."

मला लाज वाटली, आणि घरी गेले तर सावनेरच्या पोरीला फोन करणं माझ्याच्याने होणार नाही हेही कळत होतं. तिथेच पायरीवर बसून तिला फोन लावला. ती दर दिवाळीला मेसेज करते, त्यामुळे नंबर होता. एका शाळेच्या ऑफिसात कामाला आहे. सुट्टी म्हणून घरीच होती. मी थरांचं, टेपचं सगळं सांगितलं आणि माफी मागितली.

"मॅडम, मी पोलीस भरतीचा फॉर्म भरला होता," ती म्हणाली. "ग्राउंडवर धावायच्या दिवशी गेलीच नाही. म्हटलं, ऐन वेळेवर आपले पाय थरथरतात, मॅडमनं सांगतलंच हाय."

"तू घाबरली नव्हतीस," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"थांबा, बाबाले फोन देते. त्यायच्यासमोर बोलल्या होत्या ना, त्यायले सांगा."

मी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं.

"मी तवाच तिले म्हटलं होतं जी, तू घाबरणारी पोरगी नाईस," म्हातारा म्हणाला. "पण मॅडम बोलल्यावर बापाचं कोण ऐकते?"