आवसेची ट्रिप

वडगावच्या विणकरांना महिन्यातून एकच हक्काची सुट्टी, अमावास्येची. त्या दिवशी माग बंद. बायका डोक्यावरून न्हायच्या, पुरुष कट्ट्यावर बसून एकमेकांची टिंगल करायचे आणि दिवेलागणीला सगळे म्हणायचे, दिवस कसा गेला कळलंच नाही. यमनाप्पाला ही सुट्टीची नासाडी बघवेना. अठ्ठ्याहत्तर साली त्यानं भाड्याची मेटॅडोर ठरवली आणि अख्ख्या गल्लीला गोकाकचा धबधबा दाखवून आणला. तेव्हापासून दर आवसेला त्याची ट्रिप निघू लागली. पुढं पुढं तर मागावर साडी अर्धी ठेवून हा गावभर माणसं गोळा करत फिरायचा. माग सोडून हाच धंदा करावा, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

मोठी बहीण बायाक्का ऐकेल तर शपथ! बाप गेल्यावर तिनं स्वतः माग चालवून यमनाप्पाला वाढवला होता आणि त्याला मिसरूड फुटल्यावर तो माग त्याच्या हाती दिला होता. तिचा शब्द मोडणं त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

तो समुद्राची ट्रिप काढतोय कळल्यावर ती म्हणाली, "ह्यावेळी मीबी येते. काय दिवे लावतोस बघू तरी. जमली तर जमली, न्हाय तर उद्यापासनं गप मागावर बसायचं."

यमनाप्पा आनंदानं फुगला. महिन्यापूर्वीच तो वेंगुर्ल्याला जाऊन, होडीतून समोरच्या बेटावर उतरून, सगळं बघून आला होता. माडाची झाडं, सुरूची सावली आणि पुढं पसरलेली पांढरीशुभ्र वाळू. "आक्का, तुला वाळूवरनं चालवतो बघ," असं त्यानं घाटात दहादा तरी सांगितलं.

दुपारी होडी बेटाला लागली आणि यमनाप्पाचा चेहरा पडला. वाळू नव्हतीच! पाणी थेट सुरूच्या मुळांशी खळखळत होतं. माणसं कशीबशी खडकांवर चढली. डबे मांडीवर घेऊन बसली.

शेजारचा कल्लाप्पा अशी संधी सोडणारा नव्हे. "यमनाप्पा, वाळू काय मागनं येनाऱ्या गाडीत हाय व्हय रं?"

सगळे हसले. बायाक्का हसली नाही. यमनाप्पानं हातातली भाकरी तशीच डब्यात ठेवली. त्यानं होडीवाल्या तांडेलाला गाठलं.

तांडेल शांतपणे म्हणाला, "आज अवस नाय? उधान असता."

समुद्राला अमावास्येला उधाण येतं, हे कोकणातल्या शेंबड्या पोराला ठाऊक. पण वडगावात आवस म्हणजे माग बंद, एवढाच हिशेब. यमनाप्पानं बेट पाहिलं ते संध्याकाळी, पाणी ओसरलेलं असताना. तांडेलानं पुढचंही सांगितलं. थांबलात तर पाणी जाईल, वाळू उघडेल, पण मग होडी काठाला लागायची नाही. कमरेएवढ्या पाण्यातून चालत होडी गाठावी लागेल. नाही तर आत्ताच निघा.

साडीचोळीतल्या बायका पाण्याकडं बघत राहिल्या. यमनाप्पा हरला. "चला, जाऊया माघारी," असं तो म्हणणार, तोच बायाक्का खडकावर ऐसपैस बसली.

"वाळू दावतो म्हनलतास न्हवं? मग बसूया की. घरात तरी आज कुनाचा माग चालू हाय?"

ती बसली म्हटल्यावर बाकीचेही बसले. पाणी हळूहळू मागं सरकू लागलं. आधी ओल्या वाळूची कड दिसली, मग पट्टा, मग बघता बघता मैदान. मागाच्या खड्ड्यात जन्मभर पाय सोडून बसलेली ती माणसं वाळूवर नुसती उधळली! कल्लाप्पा तर धोतर खोचून खेकड्याच्या मागं धावला आणि तोंडावर आपटला. बायाक्का चपला हातात घेऊन टोकापर्यंत चालत गेली, परत आली, पुन्हा गेली. ती कुठलंही काम नसताना चालतेय, हे यमनाप्पा पहिल्यांदाच बघत होता.

परतताना व्हायचं तेच झालं. कासोटा घालून, एकमेकींचे हात धरून, किंचाळत, खिदळत बायका पाण्यातून होडीपाशी पोचल्या. बायाक्काला यमनाप्पानं हात देऊन वर घेतलं. तिचं लुगडं कमरेपर्यंत भिजलं होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं विचारायच्या आधीच तो म्हणाला, "आक्का, चुकलं माझं. उद्यापासनं मागावर बसतो."

बायाक्कानं पदर पिळला.

"तू नगं. उद्यापासनं मागावर मी बसते. मला यील की अजून. तू म्होरल्या ट्रिपची मानसं गोळा कर."

यमनाप्पाला एकदम रडू फुटलं. बायाक्का त्याच्याकडं न बघता मागं पडत चाललेल्या वाळूकडं बघत बसली.