रुमाल टाकलेली खुर्ची

“मोठ्यानं म्हणा की! शेवटच्या सीटपतूर ऐकाय आलं पायजे!”

कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या मागच्या अंगाला एका मंडपवाल्याचं गोडाऊन आहे. सकाळी साडेसहाला तिथून हा आवाज यायचा आणि त्यापाठोपाठ तीसेक माणसं एका दमात ओरडायची, “नको!” परत एकदा, “नको!” फिरायला आलेलं नवीन माणूस दचकून थांबायचं. कुणाला वाटायचं मोर्चा निघालाय, कुणाला वाटायचं आत कुणाचं तरी जबरदस्तीनं लग्न लावताहेत. तुम्हालाही तसंच वाटलं असतं. आत योगाचा वर्ग चाललेला असायचा.

हा वर्ग घेणाऱ्या बाई मूळच्या गडहिंग्लजकडच्या. उभा जन्म एसटीत कंडक्टर म्हणून गेला. त्यांना नाव होतं, पण ते कुणी घेतलं नाही. आम्ही सगळे नुसतं ‘बाई’ म्हणायचो. अंगानं चांगल्या भरलेल्या, केस कायम तेल लावून चापून बसवलेले, पायात पांढरे बूट आणि आवाज असा, की त्यापुढं डिझेल इंजिनानं हात टेकावेत. खड्ड्यांनी घेतलेली कंबर योगानं परत दिली, असं त्या सांगायच्या. मग रीतसर शिक्षण घेऊन त्यांनी शिकवायलाच सुरुवात केली. बघून त्यांना कुणी योगशिक्षिका म्हटलं नसतं. मीसुद्धा म्हटलं नाही.

मी कोण, ते सांगतो. बत्तीस वर्षं शाळेत पीटी शिकवली. पोराचं कोपर वाकडं दिसलं की हातानं सरळ करायचं, गुडघा वाकडा दिसला की बुटाच्या टोकानं, आणि उरलेलं सगळं शिट्टीच्या दोरीनं, अशी माझी पद्धत. निवृत्त झालो आणि माझाच गुडघा वाकायचा बंद झाला. डॉक्टरांनी योग करा म्हणून सांगितलं, म्हणून नाक मुरडत गेलो.

पहिल्या दिवशी बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. “पावणं, खांद्याला हात लावू का?”

“लावा की! त्यात विचारायचं काय?”

“त्यातच तर इचारायचं असतंय.”

मला वाटलं, कंडक्टरकी डोक्यात गेलीय हिच्या. तिकीट फाडल्याशिवाय चैन पडत नाही.

पण त्यांच्याकडं पहिला धडा हाच होता. आसन नंतर, श्वास नंतर. आधी ‘नको’ म्हणायला शिकायचं. “गाडीत कोण अंगाला खेटलं तर निम्मी लोकं गप बसत्यात,” त्या म्हणायच्या. “का? तर तोंडातनं आवाजच फुटत न्हाय. सवय न्हाय. मी लई बघितलंय. तवा आधी आवाज काढा, मग वाका.” आणि खरंच, वरच्या सुरात कुणालाही शिव्या घालणारी आमची कोल्हापूरची माणसं, पण ‘नको’ म्हणायची वेळ आली की लाजायची. मला स्वतःला चार दिवस लागले.

बाकी वर्ग सगळा एसटीच्या कायद्यानं चालायचा. पितळेची घंटी होती. एक घंटी म्हणजे थांबा, डबल बेल म्हणजे चला. कुणी उशिरा आलं की, “आत सरका, पुढं जागा हाय!” आणि जागा खरंच असायची. एका तरुण मंडळानं वरच्या मजल्यावरचा फरशीचा देखणा हॉल देऊ केला होता, फुकट. बाईंनी तो नाकारला. “जिना चढता येणाऱ्यांसाठी कोल्हापुरात लई जागा हाईत,” म्हणाल्या आणि हे गोडाऊन धरलं. इथं पायरी नव्हती आणि खुर्च्या मुबलक होत्या. ज्याला खाली बसता येत नाही त्यानं खुर्चीवर योग करायचा. लग्नाची तिथी दाट असली की खुर्च्या टेंपोत भरून निघून जायच्या आणि आम्ही सगळे उभे.

दत्तू नावाचा शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीतला कामगार होता, रात्रपाळी करून थेट यायचा. उजव्या हाताची दोन बोटं मशीननं नेलेली. तो हटकून नवरदेवाच्या लाल मखमली खुर्चीवर बसायचा. दोन बोटं कमी असलेली मुद्रा त्याला बाईंनी वेगळी करून दिली होती आणि तीच मूळची आहे असं तो नवीन लोकांना छातीठोक सांगायचा. ओमचंही तसंच. “ज्याला म्हणायचं हाय त्यानं म्हणा, ज्याला न्हाय त्यानं नुसता श्वास सोडा. हवा सगळ्यांची एकच हाय,” असं बाई म्हणायच्या. दत्तू दोन्ही करायचा नाही. तो घोरायचा.

अशा या गोतावळ्यात शमाभाभी आल्या. आमच्याच भागातल्या, घरी ब्लाउज शिवणाऱ्या. कित्येक महिने त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. पहिले आठ दिवस त्या दाराजवळच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. काहीच केलं नाही. बाईंनी त्यांना काही करायला सांगितलंही नाही.

सगळे ‘नको’ म्हणून ओरडायचे तेव्हा बाई आम्हा प्रत्येकाला टोकायच्या, “काय ओ, रात्री जेवला न्हाईसा काय?” शमाभाभींना मात्र एक शब्द नाही. नुसत्या त्यांच्याजवळून जायच्या, कान देऊन. एके दिवशी वर्ग सुटल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, “सर, आज ओठ हाललं तिचं!” लॉटरी लागल्यासारखा चेहरा झाला होता बाईंचा. मी मनात म्हटलं, ओठ हलले यात एवढं काय?

पुढं भाभी दारापासून उठून दुसऱ्या रांगेत आल्या. पिशवी मांडीवरून पायाशी आली. डावा हात खांद्यापर्यंतच वर जायचा, तिथंच थांबायचा. बाई त्यांना तिथंच थांबू द्यायच्या.

मग ते घडलं. सांगायला मला आजही जड जातं, पण सांगतो.

बाईंच्या थोरल्या बहिणीला गडहिंग्लजला अर्धांगवायूचा झटका आला. “मी दोन दिवसांत जाऊन येतो,” असं म्हणत बाईंनी घंटी माझ्या हातात दिली. “सर, निस्ती बेल मारायची. हात खिशात ठेवायचं. कळलं?” मी म्हटलं, बत्तीस वर्षं वर्ग सांभाळलेत, दोन दिवसांचं काय घेऊन बसलात!

पहिला दिवस हात खिशात राहिले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे हात वर गेले, ओळ कशी सुरेख दिसत होती, आणि मधेच एक हात अर्ध्यावर. त्या एका हातानं माझी ओळ बिघडत होती. मी मागून गेलो, शमाभाभींचं कोपर धरलं आणि वर ढकललं. “अजून थोडं! येतंय की! येतंय!”

त्या ओरडल्या नाहीत. अंग मात्र लाकडासारखं ताठ झालं. मी हात सोडला. त्यांनी पायाशी वाकून पिशवी उचलली, पदर सारखा केला आणि निघून गेल्या. सगळ्या वर्गानं बघितलं. दत्तूसुद्धा जागा होता.

बाई परत आल्या, मी सगळं कबूल केलं. वाटलं होतं, भर वर्गात माझी भादरतील. त्या खाली बसल्या, घंटी मांडीवर घेतली आणि नुसती पुसत बसल्या. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

“मला काय माहीत तिच्या हाताला काय झालंय,” मी म्हटलं. “तुम्ही तरी सांगायचं होतं.”

“म्हायती कशाला लागतीया सर? इचारायला लागतंय.”

“मी आत्ता जातो. घरी जाऊन माफी मागतो.”

“आजिबात जायचं न्हाय.” आता आवाज चढला. “तुमच्या मनावरचं ओझं उतरवाय तिच्या दारात जाऊन उभारणार व्हय? मग तिनं काय करायचं? चहा करायचा तुमाला आणि म्हणायचं, राहू द्या सर? परत तिलाच गप बसायला लावणार?”

मी वर्ग सोडतो म्हटलं. बाईंनी कमरेचा रुमाल काढला, निळ्या चौकटीचा, आणि दुसऱ्या रांगेतल्या त्या खुर्चीवर टाकला.

तुम्ही एसटीनं हिंडला असाल तर सांगायला नको. गाडी लागली की आपली माणसं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. या रुमालांवर बाईंचा भारी राग. “नोकरीत असताना असलं रुमाल मी खिडकीतनं भाईर फेकून द्यायचो,” असं त्यांनीच कितीदा सांगितलं होतं. आणि आता त्या स्वतः रुमाल टाकून जागा धरत होत्या.

“हा रोज तुम्ही टाकायचा,” त्या मला म्हणाल्या. “ती येईल तवा येईल. न्हाय आली तरी जागा तिचीच.” भाभींना त्यांनी एवढाच निरोप पाठवला, की जागा धरलीय. नंतर एकदाही विचारलं नाही, कधी येताय.

माझी दुसरी शिक्षा मात्र सगळ्या वर्गानं चवीनं खाल्ली. महिनाभर मी रोज प्रत्येकापुढं जाऊन विचारायचं, “हात लावू का?” आणि त्यांनी मनाला येईल ते उत्तर द्यायचं. आता सांगा, जन्मभर पोरांवर शिट्ट्या मारलेल्या मास्तराला तोंडावर ‘नको’ म्हणायची संधी कोण सोडेल? तीस माणसांकडून रोज तीस वेळा ‘नको’. दत्तू तर नवरदेवाच्या खुर्चीत रेलून म्हणायचा, “नीट ऐकाय आलं न्हाय सर, परत इचारा.” मी परत विचारायचो. तो परत म्हणायचा, “नको.” वर्गाला येणारी मंडपवाल्याची म्हातारी आई एकदा दया येऊन “लाव बाबा” म्हणाली, तर हात कुठं आणि कसा लावायचा तेच मला सुचेना. तेव्हा जाणवलं, की इतक्या वर्षांत कुणाच्या अंगाला मी परवानगीनं हात लावलाच नव्हता. त्या दिवशी घरी गेलो आणि माझ्या हातून गेलेली पोरं आठवत बसलो. लाज वाटली. सरळ सांगतो, फार लाज वाटली.

रुमाल मात्र मी चुकवला नाही. एकदा लग्नाच्या गर्दीत ती खुर्ची रुमालासकट टेंपोत चढली आणि शाहूवाडीच्या वाटेला लागली. मी ट्रॅकपँटवर रस्ताभर टेंपोमागं पळालो. वाकत नसलेला माझा गुडघा त्या दिवशी कसा वाकला, देव जाणे. खुर्ची डोक्यावर घेऊन परत आलो तर बाई दारात उभ्या. “तिकीट काढलासा काय खुर्चीचं?” एवढंच विचारलं.

बहिणीची तब्येत सुधारेना. शेवटी बाईंनी कोल्हापूरची खोली सोडायचं ठरवलं. जायच्या दिवशी घंटी माझ्यापुढं धरली.

“माझ्याकडं? मी माती खाल्लेला माणूस, बाई.”

“म्हणून तर. ज्यानं खाल्ली न्हाय त्याला वाटतंय, आपण खाणारच न्हाय.” मग पिशवी खांद्याला लावली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “रुमाल इसरू नका.” निरोपाचं भाषण म्हणाल तर एवढंच. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो होतो. गाडीत चढल्या चढल्या त्यांनी नव्या कंडक्टर पोरीला, गर्दीला आत कसं सरकवायचं, ते शिकवायला सुरुवात केली.

त्या गेल्यावर माणसं थोडी गळली. राहिली त्यांच्यावर मी बेल मारत होतो, विचारत होतो, ‘नको’ ऐकत होतो. रुमाल धुऊन धुऊन विटला. नवीन माणसं विचारायची, ही जागा कुणाची? दत्तू सांगायचा, “रिझर्वेशन हाय.”

परवा सकाळी वर्ग सुरू झाला होता. दारात कुणीतरी उभं राहिलं. पिशवी हातात. शमाभाभी.

बाई असत्या तर काय केलं असतं? मी तेच केलं. म्हणजे काहीच केलं नाही. “पुढं जागा आहे,” एवढं म्हटलं. भाभी दुसऱ्या रांगेत आल्या. खुर्चीवरचा रुमाल उचलला, त्याची नीट घडी घातली, माझ्या हातात दिली आणि बसल्या.

डबल बेल. हात वर. त्यांचा डावा हात खांद्यापर्यंत गेला आणि थांबला. काय झालं होतं त्या हाताला, मला आजही माहीत नाही. मी समोरून गेलो, त्यांना दिसेन असा, चार हात लांब उभा राहिलो. हात खिशात घातले.

“भाभी, हात लावू का?”

त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं.

“नको, सर.”

वर्ग सुटल्यावर मी गडहिंग्लजला फोन लावला. पलीकडं भांड्यांचा आवाज, बहिणीला कसलंतरी दटावणं, आणि मग, “बोला सर.”

“बाई, शमाभाभी आल्या.”

भांड्यांचा आवाज थांबला. “हात लावलासा?”

“विचारलं. नको म्हणाल्या.”

  मग आवाज आला, कधी नव्हे तो हळू.

“मोठ्यानं म्हणाली?”

“शेवटच्या सीटपर्यंत, बाई.”