पेटीच्या मागोमाग

मला कुणी चांगलं म्हटलं की मी अजूनही आधी संशयाने पाहते. हे वळण मला गाण्याच्या क्लासने लावलं.

क्लास जळगावात, गावात होता. पिंप्राळ्याहून नाना, म्हणजे माझे वडील, मला स्कूटरवर सोडायचे. रेल्वेचं फाटक बंद असलं की गाडी जाईपर्यंत मागे बसल्या बसल्या कालचा भूप म्हणायला लावायचे. आजूबाजूचे सायकलवाले वळून बघायचे, मी लाजायचे आणि नाना खूश. क्लास संपेपर्यंत ते बाहेर पायरीवर बसून राहायचे. कधी कधी मी बाहेर आले तर डोळे पुसत असायचे. कुठल्या मुलीचा बाप असं करतो, असं मला वाटायचं. मैत्रिणींना मी ते मुद्दाम सांगायचे.

मास्तर तर कौतुकाचं आगरच. मी तोंड उघडायचा अवकाश, 'देवाचं देणं आहे पोरी, जप,' असं म्हणायचे. ते पेटी वाजवायचे आणि मी गायचे. मी सुराकडे निघायच्या आधीच त्यांचं बोट त्या सुरावर जाऊन बसलेलं असायचं. मला ते प्रेम वाटायचं. कोपऱ्यातल्या तानपुऱ्याची खोळ त्यांनी कधी काढली नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

बारावीनंतर मी हट्ट धरला. धुळ्याला एक बाई शिकवायच्या, मोजक्याच मुली घ्यायच्या. त्यांनी घेतलं तर मावशीकडे राहून तिथेच कॉलेज करायचं आणि गाणंच करायचं. एवढं एकच मला आयुष्यात हवं होतं. नाना लगेच हो म्हणाले. त्यांनी स्वतः मला एसटीत बसवून दिलं.

बाईंनी तानपुरा पुढे सरकवला आणि म्हणाल्या, लाव. मला लावता येत नव्हता. त्यांनी लावून दिला आणि मी भूप सुरू केला. गंधारावर गेले तर तो तिथे नव्हताच. पुन्हा गेले, आवाज खाली घसरला. मी पेटी मागितली. बाई रागावल्या नाहीत, उलट मला पाणी दिलं.

"आवाज गोड आहे," त्या म्हणाल्या. "पण तुला सूर शिकवलेलाच नाही. तू पेटीच्या मागे चालतेस. एवढ्या वर्षांचं हे मोडून पुन्हा बसवणं माझ्याच्याने होणार नाही."

परतीच्या एसटीत मी पारोळ्यापर्यंत रडले आणि पुढे नुसती चिडले. स्टँडवरून तडक मास्तरांकडे गेले. ते जरासुद्धा ओशाळले नाहीत. मुलगी पाहायला पाहुणे आले की 'गाणं येतं का' हे तेव्हा विचारायचेच. नानांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्हणे, पाहुण्यांसमोर दोन-चार गाणी नीट म्हणता आली की झालं, त्याच्यापुढे नको. तेवढ्याला पेटी पुरते. धुळ्याला पाठवायच्या आधीही नाना त्यांच्याकडे येऊन गेले होते. बाई घेणार नाहीत, खुशाल पाठवा, असं मास्तरांनीच सांगितलं होतं.

घरी आले तेव्हा नाना अंगणात स्कूटर पुसत होते. मी सगळं विचारलं. त्यांनी काहीच नाकारलं नाही. चिडतील असं वाटलं होतं, तेही नाही. चोपड्याकडच्या स्थळाचा निरोप आलाय, रविवारी येताहेत, एवढं सांगितलं. लग्नानंतर बाईमाणसाला कोण गाऊ देतं, उगाच जीव लावून पुढे रडण्यापेक्षा हे बरं, असंही म्हणाले. सगळं शांतपणे, माझ्या भल्याचं सांगितल्यासारखं.

मी विचारलं, मग पायरीवर बसून रडायचात ते कशाला? ते नाटक होतं का?

नानांनी फडकं खाली ठेवलं. मला वाईट वाटल्याचं त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

"नाटक कसाले, बेटा," ते म्हणाले. "ते खरंच व्हतं. तुनं गाणं माले भलतं आवडे."

त्यांचं ते रडणं खोटं असतं तर मी त्यांना केव्हाच माफ केलं असतं.