टावरची दहा मिनिटं

विरूपाक्ष चावीवाला म्हणलं की सारं नांदेड ओळखायचं. टावरच्या घड्याळाला आठ दिसाला चावी देणं हे त्याचं सरकारी काम, आणि घड्याळ दहा मिनिटं पुढं ठेवणं हे त्याच्या मनाचं. खेड्यातला माणूस गाडीला हमखास उशिरा येतो, तो पोचावा एवढंच. पण लोक लई हुशार. वरसाच्या आत टावरमधून दहा वजा करायची रीतच पडली. हॉटेलात बसलेले म्हणायचे, "बस की गा, विरूपाक्षाचे नऊ वाजले, निजामाचे वाजायचेत अजून."

रझाकाराच्या आधी तीन-चार वर्षांची गोष्ट. कचेरीत नवा पेशकार आला, मनगटाला घड्याळ बांधणारा. एका सकाळी तो विरूपाक्षासंगं टावरवर चढला आणि काटे दहा मिनिटं मागं घ्यायला लावले.

"हुजूर, अगुदर दवंडी द्यावी लागंल. लोकं दहा कमी धरत्यात."

"बाजार के दिन दे देंगे," पेशकार म्हणाला.

विरूपाक्षानं खाली पाहिलं. टावरच्या पायरीवर त्याची बहीण नागम्मा बसली होती, मांडीवर गाठोडं. परभणीला तिची लेक तारामती बाळंतपणात खचली होती. काल सांगावा आला होता. गाडी नऊला, ठेसन दहा मिनिटांच्या वाटेवर. घड्याळात आता नवाला दहा कमी. नागम्मानं वर बघितलं आणि निवांत भाकरीचं फडकं सोडलं.

त्याला कळलं, ती अजून दहा कमी धरतीया. एक हाक मारायची होती. पण पेशकार शेजारी उभा राहून घड्याळाच्या तेलपाण्याची तारीफ करत होता, आणि हुजुराचं बोलणं तोडून ओरडावं कसं? खाली जाऊन सांगू, म्हणला. अरुंद जिन्यात पेशकार पुढं, भिंत धरत एकेक पायरी उतरणारा. ते खाली पोचले तेव्हा नागम्मा ठेसनाच्या वाटेला लागली होती. पाठोपाठ गाडीची शिट्टी झाली.

दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं ती गेली. तोवर लेकीची माती झाली होती.

परत आल्यावर भावाच्या दारात बसून म्हणली, "तुझ्याकडं बोट न्हाई, अण्णा. म्याच दहा मिनिटं जास्तीची धरली. वरून तू मला बघितलं असतंस, तर हाक मारली असतीस."

"हाव," विरूपाक्ष म्हणला.

नागम्मा पुढं बारा वर्षं जगली. दर पंचमीला भावाकडं येऊन जायची. सांगू सांगू म्हणता त्यानं तिलाही माती दिली.